एक पंखा तर बदलायचा होता

गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशी सालची. बंदराच्या तोंडावरचा दिवा तेलावरून विजेवर गेला तो याच वर्षी, आणि बंदर कार्यालयाच्या डोक्यात उजेड पडला तोही याच वर्षी. त्या उजेडात त्यांनी एक नोटीस काढली. आतल्या धक्क्याला बांधलेल्या प्रत्येक शिडाच्या बोटीने मोसम संपायच्या आत शिडे उतरवून, निव्वळ इंजिनाच्या बळावर बंदरात शिरून, वळून, धक्क्याला थांबून दाखवावे. जी दाखवणार नाही तिने जागा रिकामी करावी.

मधलीने ती नोटीस वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मधली म्हणजे तीन बहिणींतली मधली. थोरली गावातच चार गल्ल्या सोडून राहत होती, आणि धाकटी लग्न होऊन लांब गेली होती, तिथून ती पत्राने सहानुभूती पाठवत असे. मधली नगरपालिकेच्या पाणीखात्यात हेडक्लार्क होती. लोकांना नोटिसा पाठवणे हे तिचे काम. आपल्याला कोणी नोटीस पाठवावी याची तिला सवय नव्हती.

बोट अण्णांची, म्हणजे वडिलांची. अण्णा पोस्टमास्तर होते. सगळा आठवडा ते दुसऱ्यांची पत्रे पोचवत आणि सुट्टीच्या दिवशी कुठेच पोचायचे नसल्यासारखे समुद्रावर फिरत. थोरलीला बोट लागायची, धाकटीला ऊन लागायचे, म्हणून सुकाणूचा दांडा आला तो मधलीच्या हातात, आणि तोही अशा वयात की दांडा तिच्या हनुवटीला लागे. पुढे आईने हट्ट धरला म्हणून अण्णांनी एक लहानसे इंजिन बसवून घेतले. ते त्यांनी फारसे कधी सुरू केले नाही. ओले मोजे वाळत घालायला मात्र त्याचा चांगला उपयोग होई. अण्णांना जाऊन दुसरे वर्ष चालू होते, आणि बोट होती तिथेच, धक्क्याच्या तिसऱ्या कडीला बांधलेली.

ही जागा गेली तर बोट ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. आणि त्या प्रश्नाचे उत्तर थोरलीचे यजमान खिशात घेऊनच फिरत होते. या भाऊजींनी जन्मभर सरकारी खात्यात पूल बांधले होते. त्यांच्या ओळखीचे एक हॉटेलवाले होते, त्यांना बागेत शोभेसाठी जुनी बोट हवी होती.

"अर्धी मातीत पुरायची," भाऊजी म्हणाले, "वरच्या अर्ध्या भागात माती भरायची आणि गुलाब लावायचे. काय सुंदर दिसेल! अण्णांचं स्मारकच म्हणा ना."

"अण्णांना पुरायचं आणि वर गुलाब लावायचे, असं म्हणताय का तुम्ही भाऊजी?"

"अगं, बोटीबद्दल बोलतायत ते," थोरली म्हणाली. "तू प्रत्येक गोष्ट अंगाला लावून घेतेस."

"मी नाही देणार. इंजिन चालतंय. फक्त पाण्यातला पंखा गेलाय. एक पंखा तर बदलायचा आहे!"

हे वाक्य तिने जेवणाच्या टेबलावर हात आपटून म्हटले. पुढे कित्येक वर्षे घरात कोणी काही सोपे म्हणून हाती घेतले की आई नुसती मधलीकडे बघत असे.

पंखा खरोखरच गेला होता. बोट ओढून उतरणीवर घेतली तेव्हा दिसले की दोन पात्यांपैकी एक जाग्यावर नाही, आणि दुसरे खाऱ्या पाण्याने खाऊन खाऊन जुन्या साबणाच्या वडीसारखे झाले आहे. नवा घ्यायचा. आता कोणता घ्यायचा?

इथे सांगायला हवे की तोपर्यंत त्या गावात पंख्याविषयी कोणाला काही मत आहे असे कधी ऐकू आले नव्हते. मधलीने बोट वर काढली मात्र, जो तो मत घेऊन हजर. दूधवाला म्हणाला तीन पाती. शाळेतले चित्रकलेचे मास्तर म्हणाले दोनच, समतोल दिसतो. शेजारच्या बोटीवरचे कमोडोर तर खुर्चीच घेऊन आले. कमोडोर हे त्यांचे टोपणनाव. जन्मात ते कधी आरमारात नव्हते, एका प्रवासी जहाजावर चादरी आणि उशा यांचे कोठीघर सांभाळत. पण टोपी होती, आणि टोपीखाली आवाज होता.

"मिटणारा पंखा घ्या," कमोडोर म्हणाले. "शीड लावलं की पाती आपोआप मिटतात. छत्रीसारखी. पाण्याला अडथळा नाही."

"आणि इंजिन लावलं की उघडतात?"

"उघडायला पाहिजेत."

"पाहिजेत म्हणजे?"

"म्हणजे माझी उघडली नव्हती," कमोडोर म्हणाले आणि टोपी नीट केली. "पण तत्त्व उत्तम आहे."

मधलीचा राग हा काही एका जागी बसणारा राग नव्हता. तो सकाळी नोटिशीवर असायचा, दुपारी कमोडोरवर, संध्याकाळी भाऊजींवर, आणि रात्री अंथरूण घालताना स्वतःच्या नवऱ्यावर. नवरा सगळ्यांत सोयीचा, कारण तो उलट बोलत नसे. तो दातांचा डॉक्टर होता. दिवसभर समोरच्याचे तोंड उघडे आणि आपले बंद, अशी त्याला सवय झाली होती.

रविवारी सगळे टेबलाभोवती बसले. भाऊजींनी कागदावर भलेमोठे वर्तुळ काढले.

"तीन पाती. आणि व्यास मोठा."

"भाऊजी, तीन पात्यांचा पंखा शिडावर जाताना बादली बांधल्यासारखा मागे ओढतो. इंजिन लागणार बंदरात शिरण्यापुरतं. दोन अरुंद पाती बास."

"मी पूल बांधलेत," भाऊजी म्हणाले.

"पूल जागचा हलत नाही, भाऊजी."

"म्हणूनच म्हणतो! का हलत नाही? कारण आम्ही सगळं दीडपट धरतो."

थोरली म्हणाली, "ह्यांना त्यातलं कळतं. ह्यांचा एकही पूल अजून पडलेला नाही."

"एक वाकला होता," आई म्हणाली.

"तो खचला होता, आई. वाकणं वेगळं," भाऊजी म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला. आणि त्यांचा चेहरा पडला की त्या घरात सगळे गप्प बसत. थोरल्या जावयाच्या म्हणण्याला समोरासमोर नाही म्हणायचे नाही, ही आईची जुनी शिस्त होती. हो म्हणायचे आणि मग आपल्याला हवे ते करायचे. मधलीने हो म्हटले, आणि दोन अरुंद पात्यांचा आराखडा काढून, कारखान्याला पाठवायच्या पाकिटात घालून, पाकीट टपालात टाकायला भाऊजींच्याच हातात दिले. हेडक्लार्क असून ही चूक तिने कशी केली हे तिला आजतागायत उलगडलेले नाही.

पण पाकिटाच्या आधी माप घ्यायचे होते. इंजिनापासून बोटीच्या मागे पाण्यात एक लोखंडी दांडा येतो, त्याचे टोक निमुळते असते आणि त्या टोकावर पंखा बसतो. टोकाचा निमुळतेपणा पंख्याच्या भोकाशी तंतोतंत जुळायला हवा. मिस्त्री फूटपट्टी घेऊन आला आणि "साधारण एवढं" म्हणाला. मधली भडकली. "साधारण? पाणीपट्टी साधारण भरता का तुम्ही?" मिस्त्री बिचारा सगळ्यांच्या हो ला हो करणारा होता. तो म्हणाला, "मग नेमकं एवढं."

तेव्हा नवऱ्याने लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडले. "मी घेऊ का माप? दाताचं घेतो तसं."

आणि खरोखर तो दवाखान्यातून पांढरा कोट, वाटी आणि ठसा घ्यायचा मसाला घेऊन आला. उतरणीवर, बोटीच्या बुडाखाली चिखलात गुडघे टेकून त्याने मसाला कालवला, दांड्याच्या टोकाला थापला आणि सवयीने म्हणाला, "जरा वेळ हलू नका हं." कमोडोर खुर्चीतून उठून बघायला आले. ठसा सुंदर निघाला. त्या ठशात प्लास्टर ओतून त्याने दांड्याच्या टोकाची हुबेहूब प्रतिकृती केली आणि तिच्यावर दोन संध्याकाळी दवाखान्यात काम केले. किरकोळ डागडुजी, म्हणाला. घरी आणली तेव्हा ती इतकी गुळगुळीत आणि चकचकीत होती की आईने विचारले, "ही खऱ्या बोटीची आहे ना?" ती नमुना म्हणून पाकिटाबरोबर कारखान्याला जायची होती. मधलीलाही त्या दिवशी नवऱ्याचे कौतुक वाटले. राग एक अख्खी संध्याकाळ उतरला होता. त्या मोसमातली ती एकच.

इकडे बंदर कार्यालयात निराळेच चालले होते. चाचणीची तारीख मागायला मधली गेली तर कारकून म्हणाला, "पंखा मंजूर झाल्याचा दाखला आणा."

"तो कोण देतं?"

"आम्ही देतो."

"मग द्या."

"चाचणी झाल्याशिवाय कसा देणार?"

हा डाव मधलीच्या ओळखीचा होता. नळजोडणी मागायला येणाऱ्यांवर तिने स्वतः तो कैक वेळा टाकला होता, पण ती निदान समोरच्याला बसायला खुर्ची देत असे आणि "काय करणार, नियमच तसे" असा एक सुस्कारा टाकत असे. या माणसाने तेवढीही मेहनत घेतली नाही, उभ्याउभ्याच तिला वाटेला लावले. कामातल्या या हलगर्जीपणाचा तिला सगळ्यांत जास्त संताप आला. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या टेबलावरून बंदर कार्यालयाच्या पाण्याच्या मीटरची तपासणी काढली. तारीख मिळाली.

पंखा आला तो मात्र खोक्यातून नाही, ढकलगाडीवरून. दोन हमालांनी तो दारात उतरवला. तीन पाती, प्रत्येक पाते सुपाएवढे. पितळेचा तो अवाढव्य गोळा उन्हात असा काही झळकत होता की समोरच्या घरातली माणसे गॅलरीत आली.

"हा आगबोटीचा आहे," मधली म्हणाली. "चुकून आपल्याकडे आलाय."

हमालाने पावती दाखवली. नाव बरोबर होते.

ती तशीच चार गल्ल्या चालत थोरलीच्या घरी गेली. भाऊजी पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच ते म्हणाले, "आला वाटतं."

"माझ्या पाकिटातला आराखडा कोणी बदलला?"

"बदलला नाही. सुधारला. थोडा दीडपट धरला."

"थोडा दीडपट! भाऊजी, तो पंखा बोटीखाली मावत नाही. फिरायला लागला तर बुडाला भोक पाडेल!"

"पण तुटणार नाही," भाऊजी पेपराआडून म्हणाले.

परत पाठवायला वेळ उरला नव्हता. मिस्त्रीने तो लेथवर चढवून पाती कडेने कातून लहान केली. पाती झाली आखूड आणि जाड, पंखा दिसायला लागला तीन बोटांच्या हातमोज्यासारखा. मधलीला तो बघवेना, पण पर्याय नव्हता. तो बसवायच्या दिवशी तिला कारकुनाने पुन्हा बोलावले, तारखेच्या कागदावर शिक्का उलटा पडला होता म्हणून, आणि उतरणीवर तिच्याऐवजी भाऊजी हजर राहिले. मिस्त्रीने पंखा दांड्यावर सरकवला, नट आवळला, डोके खाजवले आणि काहीतरी विचारले. भाऊजी म्हणाले, "घट्ट आवळ." मिस्त्रीने घट्ट आवळला.

चाचणीच्या दिवशी सकाळी धक्क्यावर निम्मे गाव होते. बोटीवर मधली, नवरा आणि भाऊजी. भाऊजी सुकाणूवर बसायलाच आले होते, त्यांना तिने दोऱ्यांच्या वेटोळ्यावर बसवले. शिवाय आई. "मीपण येणार," आई म्हणाली होती. "नापास झालो तर निदान शेवटचं बसणं होईल." थोरली धक्क्यावर पिशवी घेऊन उभी होती, कमोडोर खुर्चीवर चढून उभे होते, आणि गर्दीच्या पुढे एक गृहस्थ हातात टेप घेऊन बोटीची लांबी नजरेने मोजत होते. ते हॉटेलवाले. त्यांना पाहिल्यावर मधलीने दात असे आवळले की नवरा म्हणाला, "अगं, दाढेवर जोर देऊ नकोस."

इंजिन सुरू झाले. आणि काय सांगावे, बोट निघाली! त्या कुरूप पंख्याने बोट बाहेर नेली, दिव्यापाशी वळवली, पुन्हा तोंड बंदराकडे केले. शिडे गुंडाळून बांधलेली, पाणी मागे सरळ रेघेत सुटलेले. भाऊजी म्हणाले, "बघितलंस? दीडपट." धक्का जवळ आला. कडेला बंदर अधिकारी पांढऱ्या कपड्यांत, चकचकीत बुटांत उभे होते, आणि शेजारी तो कारकून. आता फक्त इंजिन उलटे टाकायचे, बोट थांबते.

तिने इंजिन उलटे टाकले.

खालून आधी एक खडखडाट आला. मग एक लहानसा, मऊ असा आवाज, चिखलात नाणे पडावे तसा. इंजिन एकदम हलके होऊन जोरजोरात फिरायला लागले, आणि बोट होती त्याच वेगाने साहेबांच्या बुटांकडे निघाली.

"पंखा गेला," नवरा म्हणाला.

"गेला म्हणजे? दांड्याला खाच होती, खाचेत पट्टी असते, ती पंख्याला धरून ठेवते! खाच कुठे गेली?"

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. "दांड्यावर आहे... प्रतिकृतीवर मी भरून टाकली."

"काय?"

"मला कीड वाटली."

म्हणजे कारखान्याने पंख्याच्या भोकात खाच पाडलीच नव्हती, कारण नमुन्यात ती नव्हती. पंखा नुसत्या नटाच्या जोरावर सरळ फिरत राहिला, आणि उलटा फिरताच नट सुटला.

"मिस्त्री मला तेच विचारत होता वाटतं," भाऊजी पुटपुटले.

मधलीला त्या क्षणी दोघांनाही पाण्यात ढकलायचे होते, आणि तसे तिने केले असते तर बोट निदान हलकी झाली असती. पण वेळ नव्हता. तिने सुकाणू मांडीने दाबून धरले आणि ओरडली, "आई, पुढच्या शिडाची गाठ सोड! भाऊजी, तो दोर ओढा. ओढा म्हटलं ना, पूल बांधू नका!" आईने सत्तरीतल्या बोटांनी गाठ सोडली. पुढचे शीड फडफडत वर गेले. मधलीने त्याचा कोपरा हाताने वाऱ्याच्या उलट बाजूला दाबून धरला. वारा त्यात समोरून भरला, आणि बोट कोणीतरी छातीवर हात ठेवावा तशी थांबली. बोटीचे नाक आणि साहेबांचे बूट यांच्यात वीतभर अंतर राहिले. साहेब हलले नाहीत, की त्यांना हलता आले नाही, यावर पुढे बरीच मतांतरे झाली.

धक्क्यावर टाळ्या पडल्या. कमोडोर खुर्चीवरून सलाम करायला गेले आणि खाली आले.

साहेबांनी घसा साफ केला. "बोट इंजिनावर थांबली नाही. शिडावर थांबली. नापास."

"पण थांबली की नाही?"

"नियमात बसत नाही, बाई. आजच्या आज जागा रिकामी करा."

"ताई, ऐक माझं," भाऊजी मधलीला ताई म्हणाले, इतका त्यांचा आवाज मऊ झाला होता. "आता ते हॉटेलवाले आलेच आहेत. सरळ इथूनच ट्रकवर..."

टेपवाले गृहस्थ खरेच पुढे सरकले, आणि त्यांनी टेपचे टोक बोटीच्या नाकाला लावले.

इतके दिवस मधली जागेसाठी भांडत होती. तिसरी कडी अण्णांची, ती सोडायची नाही, सोडली तर ही माणसे जिंकली, एवढेच तिच्या डोक्यात होते. बोटीच्या लाकडाला ती पत्र्याची पट्टी टेकलेली दिसली आणि तिला कळले की आपल्याला कडी नको होती.

"रिकामी करायची ना?" ती म्हणाली. "आत्ता करते."

आणि तिने पायाने धक्का मारून बोट मागे लोटली. टेप गृहस्थांच्या हातातून सुटली आणि बोटीबरोबरच गेली. मोठे शीड वर चढले, ते भाऊजींनी चढवले, कारण ती ओरडत होती आणि ते घाबरले होते. बोटीने तोंड फिरवले. भाऊजी भानावर आले तेव्हा दिवा मागे पडत होता.

"अगं, मला उतरू दे!"

"बोट थांबवता येत नाही, भाऊजी. पंखा नाहीये."

धक्क्यावरून थोरलीचा आवाज येत राहिला, "अहो, तुमच्या गोळ्या माझ्या पिशवीत राहिल्यात!" पण वारा चांगला होता. बुडाखाली ओढणारे काही उरले नसल्यामुळे बोट अशी पळत होती की नवऱ्याने दोन्ही हातांनी डोलकाठी धरली. आई मात्र पाय लांब करून बसली. "कुठे नेतेस?" तिने विचारले.

"माहीत नाही. नोटिसा नसतील तिथे."

"चल," आई म्हणाली.

दुपारनंतर ती खाडी लागली. काठावर कोळ्यांच्या होड्या, एक मोडकी शेड आणि कोणत्याही प्रकारचे कार्यालय नाही. खुंटाला बोट बांधताना एका बाईने विचारले, "किती दिवस ठेवणार?" मधली म्हणाली, "बघू." मग चौघे गुडघाभर चिखलातून वर आले आणि बस धरून घरी गेले. सबंध प्रवासात मधली नवऱ्याशी एक अक्षर बोलली नाही. भाऊजी मात्र बसमधल्या सगळ्यांना सांगत होते की मोठे शीड त्यांनी एकट्याने चढवले.

त्याला आता खूप वर्षे झाली. त्या धक्क्यावरची बरीचशी माणसे आता नाहीत. कमोडोर टोपीसकट वारले. मिस्त्री मुलाकडे गेला. हॉटेलवाल्यांनी शेवटी एक जुनी बैलगाडी पुरली. भाऊजींना शिडाचा नाद लागला, ते दर सुट्टीला खाडीवर येत आणि दोरांना दीडपट गाठी मारत. त्या सोडवताना थोरलीची नखे तुटत. आता दोघेही नाहीत, पण शेवटची एक गाठ अजून तशीच आहे, ती कोणाला सुटत नाही. आई त्यानंतर बरीच वर्षे जगली आणि आपल्याला बोट लागत नाही म्हणून थोरलीला शेवटपर्यंत टोमणे मारत राहिली. नवऱ्याने दवाखाना बंद केला. तो बोटीचे लाकूड घासतो, पण कुठलेही छिद्र भरायच्या आधी बायकोला विचारतो. नवा पंखा कोणी घेतला नाही. जुना, म्हणजे तो तीन बोटांचा, अजून बंदराच्या तळाशी असावा.

बंदर कार्यालयाने तो नियम दोनच मोसमांत मागे घेतला, कारण साहेबांची स्वतःची लाँच चाचणीत नापास झाली. मग मधलीला त्यांचे पत्र आले: तिसरी कडी मोकळी आहे, आपण परत यावे ही विनंती. पत्राखाली त्याच कारकुनाची सही होती, आता तो बढती मिळून वर गेला होता.

मधलीने ते पत्र ऑफिसात नेले, सगळ्यांत चांगला कागद घेतला आणि आपल्या हाताने एका ओळीचे उत्तर लिहिले: आपली विनंती विचाराधीन आहे.

पुढे ती निवृत्त झाली, केस पिकले, गुडघे गेले. बंदरातून अधूनमधून स्मरणपत्र येते. विनंती अजून विचाराधीन आहे.